वार्ड की वुर्डे? एका जर्मन क्रियापदाचा भूतकाळ आणि अपवादांची गोष्ट

तर झालं असं की मार्चमध्ये मी पांढरकवड्याला घरी होते. आमच्याकडे त्या दिवसांत पळस फुललेला असतो, आणि माझा पीएच.डी.चा विषयच पळसाच्या फुलांतला रंग असल्यामुळे सुट्टी आणि सॅम्पल गोळा करणं अशी दोन्ही कामं एकदम होतात. दुपारी उन्हात बाहेर पडता येत नाही, म्हणून जुने संदर्भ वाचत बसले होते. त्यात एकोणिसाव्या शतकातला एक जर्मन लेख होता. एम.एस्सी.ला असताना नागपुरात सहा महिने संध्याकाळी जर्मनचा क्लास केला होता, तेवढ्या शिदोरीवर आणि मोबाइलच्या भाषांतरावर काम चाललं होतं.

एका वाक्यात मोबाइलने सांगितलं, "मिश्रण वॉर्ड गाळले." वॉर्ड? दवाखान्यातला? मूळ पान पाहिलं तर शब्द खरंच तसा होता, 'वार्ड'. बाकी सगळ्या लेखात त्याच जागी 'वुर्डे' हा शब्द होता. वुर्डे मला माहीत होता. प्रयोगशाळेच्या जर्मनमध्ये तो दर दुसऱ्या ओळीत येतो: गरम केलं गेलं, गाळलं गेलं, वाळवलं गेलं. आपण मराठीत इथे 'जाणे' वापरतो, जर्मन लोक 'वेर्डेन' म्हणजे 'होणे, बनणे' हे क्रियापद वापरतात, आणि वुर्डे हा त्याचा भूतकाळ. मग हा वार्ड कुठून आला?

मी प्रिंटच्या समासात पेन्सिलने लिहिलं, "छपाईची चूक." आणि पुढे गेले.

ती चूक नव्हती. चूक माझी होती. आठवडाभराने व्याकरणाचं पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की वार्ड हाच वुर्डेपेक्षा जुना आहे, आणि या एका रूपामागे भाषेच्या इतिहासातला एक फार मोठा शोध उभा आहे. ज्यांना पेट किंवा नेट देऊन संशोधनात यायचं आहे त्यांनी तो माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. भाषा तुमचा विषय नसेल तरीही. कारण ही गोष्ट जर्मन व्याकरणापेक्षा 'नियमात न बसणाऱ्या नोंदीचं काय करायचं' या प्रश्नाची जास्त आहे.

(उच्चाराबद्दल एकच सूचना. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ड हा ट सारखा उच्चारतात, म्हणजे वार्ड लिहितात आणि वार्ट म्हणतात. मी लिहिल्याप्रमाणे ठेवते. शिवाय जर्मनमधले ट-ड आणि संस्कृतमधले त-द इथे जोडीचे समजा.)

एका क्रियापदाचे दोन भूतकाळ

जुन्या जर्मनमध्ये या क्रियापदाचा भूतकाळ असा चालायचा: मी वार्ड, तो वार्ड, पण आम्ही वुर्डेन, ते वुर्डेन. म्हणजे एकवचनात 'आ' आणि अनेकवचनात 'उ'. हे काही एकट्या वेर्डेनचं वैशिष्ट्य नव्हतं. 'हेल्फेन' म्हणजे मदत करणे: एकवचन हाल्फ, अनेकवचन हुल्फेन. 'श्टेर्बेन' म्हणजे मरणे: एकवचन श्टार्ब, अनेकवचन श्टुर्बेन. असा एक अख्खा वर्गच होता.

पुढे बोलणाऱ्यांनी हा फरक पुसायला सुरुवात केली. एकाच काळात दोन स्वर कशाला सांभाळायचे? बहुतेक क्रियापदांत एकवचन जिंकलं. आज हाल्फ–हाल्फेन, श्टार्ब–श्टार्बेन असं आहे. वेर्डेनच्या बाबतीत मात्र उलटं झालं. अनेकवचनाचा 'उ' एकवचनात शिरला आणि वुर्डे तयार झालं. त्याच्या शेवटचा 'ए'सुद्धा पाहा. हाल्फ, श्टार्ब, सांग (गायला) अशा जुन्या पद्धतीच्या भूतकाळांत एकवचनाला शेवटी 'ए' लागत नाही. तो नियमित क्रियापदांच्या वळणावर आलेला आहे.

ही अदलाबदल एका रात्रीत झाली नाही. लूथरच्या बायबलमध्ये (नवा करार १५२२, संपूर्ण १५३४) वार्ड आहे. त्यानंतर कित्येक पिढ्या वार्ड आणि वुर्डे शेजारी शेजारी राहिले, आणि एकोणिसाव्या शतकातल्या लेखकाच्या हातून अधूनमधून वार्ड उतरत असे. आज वार्ड फक्त जुन्या किंवा मुद्दाम जुन्या वाटणाऱ्या लिखाणात भेटतो. म्हणजे माझ्या लेखातला तो रसायनशास्त्रज्ञ चुकला नव्हता. त्याच्या काळात दोन्ही रूपं चालत होती, एवढंच.

बरं, श्टुर्बेन आणि हुल्फेन असं कधी म्हणत होते याला पुरावा काय? जुने ग्रंथ आहेतच, पण आजच्या भाषेतही एक खूण राहून गेली आहे. 'तो मेला असता तर' असं म्हणताना व्याकरणाच्या पुस्तकात आजही श्ट्युर्बे हे रूप सापडतं, आणि 'मदत केली असती तर' यासाठी ह्युल्फे. ही रूपं जुन्या अनेकवचनाच्या स्वरावरून बनलेली आहेत. मूळ रूप गेलं, पण त्याच्यापासून तयार झालेलं रूप टिकलं. थर मोडून गेल्यावरही त्यातला जीवाश्म हाती लागावा, तसंच हे.

आता व्यंजनाचा घोळ

इथपर्यंत स्वरांची गोष्ट झाली. खरी गंमत व्यंजनात आहे.

साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये (हिला 'जुनी उच्च जर्मन' म्हणतात) हेच क्रियापद असं चालत असे: वेर्डान, वार्ड, पण वुर्टुन आणि गिवोर्टान. नीट पाहा. वर्तमानात आणि भूतकाळाच्या एकवचनात ड. भूतकाळाच्या अनेकवचनात आणि कृदन्तात ट. त्याच सुमाराच्या जुन्या इंग्रजीत एकवचन वेआर्थ आणि अनेकवचन वुर्डोन. तिथे थ आणि ड. स्वराबरोबर व्यंजनही बदलतंय, आणि दोन्ही भाषांत नेमकं त्याच जागी बदलतंय. हा योगायोग असू शकत नाही.

याला मागची पार्श्वभूमी अशी. १८२२ मध्ये याकोब ग्रिमने (परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला) आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक नियम मांडला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्येच त्यातलं बरंच दाखवलं होतं. नियम असा की संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये जिथे प, त, क असतात तिथे जर्मन घराण्यात फ, थ, ह मिळतात. संस्कृत 'त्रि', इंग्रजी 'थ्री'. संस्कृत 'पितृ', इंग्रजी 'फादर'. नियम शेकडो शब्दांना लागू पडला. पण सगळ्यांना नाही.

सगळ्यात डोळ्यात भरणारी जोडी घरातलीच होती. संस्कृतमध्ये पिता आणि भ्राता, दोघांतही त. मग जर्मनमध्येही दोघांत एकच व्यंजन हवं. पण जर्मन आहे 'फाटर' आणि 'ब्रूडर'. बापात ट, भावात ड. (आजच्या इंग्रजीत फादर-ब्रदर सारखे दिसतात, पण तो नंतरचा बदल आहे. जुन्या इंग्रजीत तेही वेगळेच होते.) हीच भानगड वार्ड–वुर्टुनमध्ये.

१८६२ मध्ये कार्ल लॉटनरने एक काम केलं, जे आपल्यापैकी कुणीही करू शकतो आणि जे फार कमी जण करतात. त्याने ग्रिमच्या नियमाचे सगळे अपवाद एका लेखात गोळा करून गटांत मांडले. उत्तर दिलं नाही, फक्त यादी नीट केली. पुढच्याच वर्षी त्यातला एक गट हेर्मान ग्रासमानने सोडवला. विज्ञानवाल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. हो, ग्रासमान बीजगणितवाला तोच हा. गणितातलं त्याचं १८४४ चं पुस्तक तेव्हा कुणी फारसं वाचलं नाही. हा शाळामास्तर संस्कृतकडे वळला आणि त्याने ऋग्वेदाचा कोश केला, जो आजही वापरात आहे.

एक मोठा गट मात्र उरला: फाटर-ब्रूडर आणि वार्ड-वुर्टुन. तो सोडवला कार्ल व्हेर्नर नावाच्या डेनिश तरुणाने, १८७५ मध्ये. वय २९. म्हणजे आपल्याच बरोबरीचा. गोष्ट अशी सांगतात की दुपारी झोप येत नव्हती म्हणून त्याने फ्रान्ट्स बॉप यांचं तुलनात्मक व्याकरण हातात घेतलं, आणि नजर नेमकी पितृ आणि भ्रातृ या शब्दांवर पडली. त्यांवर वैदिक स्वराच्या खुणा होत्या. 'पिता'मध्ये उदात्त शेवटच्या अक्षरावर, 'भ्राता'मध्ये पहिल्या अक्षरावर.

तेवढ्यावरून त्याला वाट दिसली. नियम असा: त चा थ झाल्यावर, त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर स्वराघात असेल तर थ तसाच राहतो. नसेल तर तो मृदू होतो, द कडे झुकतो. पुढे जर्मनमध्ये थ चा ड झाला आणि द चा ट. भ्राता: आघात आधी, म्हणून थ, म्हणून ब्रूडर. पिता: आघात नंतर, म्हणून द, म्हणून फाटर.

आता आपलं क्रियापद घ्या. वेर्डेन हे संस्कृतच्या 'वृत्' धातूचं भावंड आहे, 'वर्तते' मधला वृत्. संस्कृतमध्ये लिट् लकार, म्हणजे परोक्ष भूतकाळ, असतो. शाळेत चकार, चक्रतुः, चक्रुः पाठ केलं असेल तर आठवेल: एकवचनात धातू भरदार (चकार), अनेकवचनात आखडलेला (चक्रुः). वृत् ची वैदिक रूपं 'ववर्त' आणि 'ववृतिम' (आम्ही...). पहिल्यात उदात्त धातूवर, 'वर्' वर. दुसऱ्यात तो पार शेवटच्या 'म' वर. म्हणजे एकवचनात त च्या लगेच आधी आघात आहे: थ राहिला, जर्मनमध्ये ड, वार्ड. अनेकवचनात आघात त च्या पुढे आहे: मृदू झाला, जर्मनमध्ये ट, वुर्टुन. आणि धातूवरचा आघात गेला म्हणून स्वरही आखडला: वर्त चं वृत, वार्ड चं वुर्ड. स्वर आणि व्यंजन एकाच कारणाने बदललेत!

मग जर्मन लोकांना हे स्वतःच्या भाषेत का दिसलं नाही? कारण नंतर सगळ्या जर्मन घराण्यात आघात सरकून शब्दाच्या सुरुवातीला स्थिर झाला. कारण नाहीसं झालं, परिणाम मागे राहिला. आणि परिणाम एकटा राहिला की तो अपवाद दिसतो.

संस्कृत आई नाही, बहीण आहे

इथे एक थांबा घेते, कारण पुढचं वाक्य व्हॉट्सॲपवर कसं फिरेल ते मला माहीत आहे. 'बघा, जर्मन संस्कृतमधून निघाली!' नाही. ही दोन्ही एका हरवलेल्या भाषेची लेकरं आहेत. पुरावा याच क्रियापदात आहे. वेर्डेनमध्ये 'ए', वार्डमध्ये 'आ' (तो मुळात 'ओ' होता), वुर्डेनमध्ये 'उ'. तीन जागा, तीन स्वर. संस्कृतमध्ये वर्तते आणि ववर्त, दोन्हीकडे 'अ'. मूळ भाषेतले ए आणि ओ संस्कृतमध्ये मिसळून एक झाले. हे त्याच १८७० च्या दशकात उलगडलं. म्हणजे आघाताची आठवण संस्कृतने ठेवली आणि जर्मनने घालवली; स्वरांची आठवण जर्मनने ठेवली आणि संस्कृतने घालवली. दोघींची साक्ष काढल्याशिवाय खटला उभाच राहत नाही.

आणखी एक धडा. जर्मन घराण्यातला सर्वांत जुना मोठा मजकूर म्हणजे चौथ्या शतकातलं गॉथिक बायबल. साहजिकच वाटतं की सगळ्यात शुद्ध पुरावा तिथे असेल. पण गॉथिकमध्ये या क्रियापदाला एकवचनातही थ आणि अनेकवचनातही थ. गॉथिकने फरक आधीच पुसून टाकला होता. तो टिकला चार-पाच शतकं उशिराच्या जुन्या इंग्रजीत आणि जुन्या जर्मनमध्ये. सर्वांत जुना संदर्भ म्हणजे सर्वांत विश्वासार्ह संदर्भ नव्हे. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

आणि ज्या स्वरखुणांमुळे हे सुटलं त्या टिकल्या कशा? मॅक्स म्यूलरची ऋग्वेदाची आवृत्ती १८४९ ते १८७४ दरम्यान स्वरांसह छापली गेली, पण त्यामागे शेकडो वर्षं तोंडी पाठ करणारी माणसं होती. आपल्याकडे शंकर पांडुरंग पंडित यांनी अथर्ववेदाची आवृत्ती करताना हस्तलिखितांबरोबर वैदिकांचं मुखोद्गत पठणही ताडून पाहिलं. ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १८९५ ते १८९८ या काळात मुंबईत निघाली. पाठ करणाऱ्यांना जर्मन क्रियापदाशी काय देणंघेणं? पण डेटा नीट जपला की त्याचा उपयोग कुणाला, कुठे आणि कधी होईल हे जपणाऱ्याला कधीच माहीत नसतं.

लाइपझिग ते पुणे

व्हेर्नरच्या लेखाने लाइपझिगमधल्या तरुण भाषाभ्यासकांच्या गटात जोर आला. १८७६ मध्ये ऑगुस्ट लेस्कीन यांनी ध्वनिनियमांना अपवाद नसतात अशी भूमिका घेतली. १८७८ मध्ये ओस्टहॉफ आणि ब्रुगमान यांनी तीच जाहीरनाम्यासारखी मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नियम मोडलेला दिसला तर तीन शक्यता तपासा. एक, आपल्याला न सापडलेला दुसरा नियम तिथे चालू असेल (फाटर). दोन, बोलणाऱ्यांनी शेजारच्या रूपाच्या सादृश्याने रूप बदललं असेल (वुर्डे). तीन, शब्द दुसऱ्या भाषेतून आला असेल. 'असंच असतं' ही चौथी शक्यता नाही.

हा विचार मराठी मुलखात पोहोचला, आणि लवकर पोहोचला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली. संस्कृतपासून प्राकृत आणि पुढे मराठीसारख्या भाषा नियमाने कशा घडत गेल्या, हा त्यांचा विषय. पुस्तक निघालं १९१४ मध्ये. गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. पुढच्या पिढीत पांडुरंग दामोदर गुणे लाइपझिगलाच गेले, जिथे लेस्कीन आणि ब्रुगमान अजून होते, आणि तिथून डॉक्टरेट घेऊन परतले. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या उभारणीत ते होते. १९१८ मध्ये त्यांनी तुलनात्मक भाषाशास्त्राचं प्रास्ताविक पुस्तक काढलं, इथल्या विद्यार्थ्यांसाठी. १९२२ मध्ये ते गेले, चाळिशीही पुरी झाली नव्हती.

विज्ञानातही आपले लोक याच जर्मनमधून गेलेत. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर १९१४ मध्ये वनस्पतिशास्त्रासाठी जर्मनीला गेले, महायुद्धात तिथेच अडकले, काही काळ नजरकैदेत राहिले, आणि १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेतली. जर्मनमध्ये शास्त्रीय लेखन करायचं म्हणजे त्यांनाही वुर्डे हजारदा लिहावं लागलं असणार, असं मला वाटून जातं.

आपल्या घरातले वार्ड आणि वुर्डे

आता मराठीकडे या. 'बस' चं बसला, 'उठ' चं उठला. मग 'जा' चं जाला का नाही? गेला कुठून आला? 'कर' चं करला का नाही? 'मर' चं मरला का नाही?

कारण गेला हा 'जा' पासून आलेलाच नाही. तो संस्कृत 'गत' पासून प्राकृत 'गय' मार्गे आला आणि त्याला ल चा प्रत्यय लागला. तसंच कृत पासून केला, मृत पासून मेला, आगत पासून आला. आणि कृत, मृत यांत धातू आखडलेला का? कारण उदात्त शेवटच्या 'त' वर होता. म्हणजे जो आघात वुर्डेनमध्ये स्वर आखडतो, तोच आपल्या केला-मेलाच्या मुळाशी आहे. वृत् चं असंच कृदन्त म्हणजे 'वृत्त', घडलेलं. जर्मन 'गेवॉर्डेन' (झालेलं) ही त्याची जोडी. रोज सकाळी आपण वृत्तपत्र वाचतो. आणि रसायनवाल्यांनो, आवर्त सारणीतला आवर्त याच धातूचा!

पुसण्याचं कामही आपल्यासमोर चालू आहे. माझी चार वर्षांची भाची म्हणते, "मावशी, मी चित्र करलं." तिला कुणी करलं शिकवलेलं नाही. बसलं, उठलं, धरलं यांवरून तिने स्वतः नियम काढला आणि लावला. हिंदी पट्ट्यात 'किया' ऐवजी 'करा' म्हणणारी मोठी माणसंही भेटतात. आणि आपल्या शाळेत 'म्हणलं' लिहिलं की बाई लाल रेघ मारून 'म्हटलं' करतात. पण जुन्या मराठीत होतं 'म्हणितलें', सांगितलें-मागितलें सारखं. ते आवळून म्हटलं झालं. त्यातला ट कुठून आला हे बोलणाऱ्याला कळेना, म्हणून त्याने 'म्हण' ला सरळ लं लावलं. आमच्या वऱ्हाडीत आजी ठसक्यात म्हणते, "म्या म्हनलं ना तुले!" तिची भाषा बिघडलेली नाही. ती जर्मनांनी वार्डचं जे केलं तेच करते आहे.

मग सगळेच अपवाद का पुसले जात नाहीत? जर्मन 'बाकेन' म्हणजे भाजणे, पाव करणे. त्याचा जुना भूतकाळ बूक. आज बहुतेक लोक बाक्टे म्हणतात, बूक जुनाट वाटतो. इंग्रजीतही 'बेक' चा भूतकाळ पूर्वी असाच अनियमित होता, आता बेक्ड आहे. उलट इंग्रजी 'वॉज' आणि 'वेअर' पाहा. एकात स, एकात र. हा व्हेर्नरच्याच नियमाचा अवशेष, आणि तो हलायला तयार नाही. फरक वापराचा आहे. २००७ मध्ये 'नेचर' मध्ये लीबरमान आणि सहकाऱ्यांनी इंग्रजीची मोजणी छापली. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित उरली, आज ९८. एखादं क्रियापद शंभरपट कमी वापरात असेल तर ते दहापट वेगाने नियमित होतं. किरणोत्सारी पदार्थांसारखं त्यांनी अर्धायुष्यच काढलं. म्हणून केला, गेला, आला हे कुठे जात नाहीत. आपण दिवसातून शंभरदा म्हणतो. भाची दोन वर्षांत केलं म्हणायला लागेल. म्हटलंचं मात्र मला खात्रीने सांगता येत नाही.

माझ्या वहीतला वार्ड

आता माझं. मागच्या वर्षी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर एकवीस सॅम्पलची रीडिंग घेतली होती. अठरा एका रेषेत बसली. तीन खूप वर गेली. मी तिन्हींपुढे 'हाताळणीतली चूक' लिहिलं आणि आलेखातून काढून टाकली. आलेख छान आला. प्रगती अहवालात गेला. कुणी काही विचारलं नाही.

वार्डच्या प्रकरणानंतर ती वही पुन्हा काढली. तिन्ही सॅम्पल पांढरकवड्याची होती. बाकी फुलं लॅबच्या ओव्हनमध्ये वाळवली होती. ही तीन आईने गच्चीवर चादरीवर पसरून उन्हात वाळवली होती, कारण मी दोन दिवस उशिरा निघाले होते. पळसाच्या फुलात आयसोब्युट्रिन नावाचं शर्करा जोडलेलं द्रव्य असतं. ती शर्करा सुटली की रंगदार ब्युटीन मिळतं. हे सुटणं वाळवण्याच्या पद्धतीनुसार कमीजास्त होत असेल का? असेल, नसेल. कदाचित ती खरंच माझ्या हाताची चूक असेल. पण तपासायच्या आधीच मी त्यावर 'चूक' असं लेबल लावलं होतं, जसं लेखाच्या समासात लावलं होतं.

हे गाइड मॅडमना सांगायला मला दोन दिवस लागले. खरं सांगते, भीती वाटत होती. अहवाल गेलेला, आलेख गेलेला. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "बरं झालं वही फाडली नाहीस. सुधारित आलेख आणि एक टिपण दे, आणि पुढच्या फुलोऱ्याला दोन्ही पद्धतीने वाळव." सुधारित आलेख दिला आहे. तो आधीच्याइतका छान दिसत नाही.

तुम्ही अजून सिनॉप्सिसच्या टप्प्यावर असाल, तर आत्ताच एक वेगळी वही करा. लॉटनरसारखी. तिच्यात फक्त न बसणाऱ्या नोंदी लिहायच्या: तारीख, जागा, कुणी घेतली, कशी घेतली. उत्तर शोधायची घाई नको. काही नोंदी खरोखर चुकाच निघतील. काही तुमच्या हयातीत सुटणार नाहीत. पण एखाद्या नोंदीवर कधीतरी, दुपारी झोप येत नसताना, तुमची किंवा दुसऱ्या कुणाची नजर पडेल.

माझ्या त्या वहीच्या पहिल्या पानावर एकच शब्द आहे. वार्ड. समासातलं 'छपाईची चूक' मी खोडलेलं नाही. त्याच्या खाली तारीख टाकून 'माझी चूक' असं लिहिलं आहे.